एमआरआयमध्ये गादी सरकलेली आली म्हणून डोंगर संपले का? सोलापूरच्या एका फिजिओचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वय ३९, ऑफिसात दिवसभर खुर्चीवर काम, महिन्यातून एकदा सह्याद्रीत ट्रेक, उरलेल्या रविवारी सायकल नाहीतर नान्नजच्या माळावर पक्षी बघणं. सात आठवड्यांपूर्वी पाण्याचा २० लिटरचा जार उचलून वळताना कंबरेत कळ आली, दोन-तीन दिवसांत ती उजव्या ढुंगणातून पोटरीत उतरली, आता पायाच्या करंगळीपर्यंत मुंग्या येतात. एमआरआयमध्ये एल फाइव्ह-एस वनची, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी (डिस्क) बाहेर आलेली आणि तिथून पायात उतरणारी उजवी एस वनची नस दबलेली दिसली. सर्जन म्हणाले ऑपरेशन आत्ता नको, आराम करा, वाकू नका, वजन उचलू नका. आईंनी सॅक माळ्यावर टाकून दिली. आणि तुम्ही विचारताय की मी परत कधी गड चढणार का, की हे सगळं आता विसरायचं.

मी सोलापुरात वीसेक वर्षं फिजिओथेरपी करतोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडातून येत असतो. कुणाला ट्रेकचं पडलेलं असतं, कुणाला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायची असते, कुणाला फक्त ज्वारी काढायला रानात जायचं असतं. एक आधीच स्पष्ट सांगतो, मी तुम्हाला तपासलेलं नाही. तुमच्या पायात ताकद किती आहे, शुगर आहे का, तंबाखू-सिगरेट आहे का, झोप कशी लागते, पाय दिवसेंदिवस सुधारतोय की बिघडतोय, या सगळ्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. शुगर असेल तर नस सावरायला वेळ लागतो, तंबाखूने गादीचं पोषण आणखी कमी होतं. म्हणून खालचं सगळं तुमच्या सर्जनना आणि प्रत्यक्ष तपासणाऱ्या फिजिओला दाखवून मग करा.

सगळ्यात आधी जे कधीच थांबवून ठेवायचं नाही ते. लघवी अडकायला लागली किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, ढुंगण आणि जांघेमधली बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पाय एकदम कमजोर वाटायला लागले, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी तेव्हाच हॉस्पिटल गाठा. सकाळची ओपीडी नाही, गोळी घेऊन बघू नाही. अशा वेळी मणक्याच्या खालच्या नसांचा पूर्ण गुच्छ दाबला गेलेला असू शकतो आणि ऑपरेशनला एक-दोन दिवस उशीर झाला तरी काही नुकसान कायमचं राहू शकतं. पाऊल एकदम लुळं पडलं, चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. आणि कंबरदुखीसोबत बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी आहे का हे बघावंच लागतं. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही, आणि सर्जननी तपासलेलं आहे, म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंय की गादी बरी होईल का आणि झाली की ट्रेक सुरू करू का. मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. तुमची कंबर आणि ती दबलेली नस आज किती भार सहन करते, आणि ती सहनशक्ती आठवड्याला थोडी थोडी कशी वाढवायची, हा तो प्रश्न. गादी शंभर टक्के जागेवर जायची वाट बघत बसलात तर वर्षभर घरात बसाल, आणि वर्षाने बाहेर पडाल तेव्हा गादी असेल बरी, पण मांड्या, ढुंगणाचे स्नायू, दम, सगळं उतरलेलं असेल आणि पहिल्याच ट्रेकला परत अंथरूण. असे लोक मी खूप बघितलेत. त्यांची गादी फार वाईट नव्हती, त्यांचं थांबणं फार लांबलं.

एमआरआयबद्दल बोलू, कारण निम्मी भीती त्या फिल्ममधून येते. आपल्याकडे कुणी म्हणतं मणक्यात गॅप पडली, कुणी म्हणतं गादी झिजली, कुणी म्हणतं नस दबली, आणि माणूस ते ऐकून असा चालायला लागतो की जणू आतलं काचेचं आहे. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३ हजारांवर लोकांच्या स्कॅनचा. चाळिशीतल्या बिनदुखण्याच्या लोकांमध्ये ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ५० टक्क्यांच्या फुगलेल्या, आणि साधारण ३३ टक्क्यांची गादी तुमच्यासारखी बाहेर आलेली. म्हणजे पार्क चौकात सकाळी फिरणाऱ्या धडधाकट लोकांना उचलून मशीनमध्ये घातलं तरी रिपोर्टमध्ये बरंच काही येणार.

पण तुमच्या बाबतीत तो रिपोर्ट उडवून लावायचाही नाही. तुमचं दुखणं पोटरीतून करंगळीकडे जातंय, एस वन नसेचा रस्ता अगदी तोच, आणि फिल्ममध्येही तीच नस दबलेली आहे. फिल्म आणि पाय एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी मानायची. फक्त ती कायमची नाही हेही तितकंच खरं. बाहेर आलेल्या गादीचा भाग शरीर स्वतः हळूहळू खाऊन टाकतं, आणि गंमत म्हणजे जो तुकडा जास्त बाहेर पडलेला असतो तो बरेचदा जास्त आटतो. याला महिने लागतात. पायातलं दुखणं बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत उतरणीला लागतं, काहींचं लांबतं. तुम्ही सातव्या आठवड्यात आहात, म्हणजे अजून बऱ्या होण्याच्या वेळेतच आहात, हे लक्षात ठेवा.

ऑपरेशनचंही सांगतो, कारण तुमच्या लिहिण्यात ऑपरेशन म्हणजे हरणं असा सूर आहे. २००७ मध्ये नेदरलँड्समधला एक चांगला अभ्यास छापून आला, सहा ते बारा आठवडे जोराची सायटिका, म्हणजे नस दबून पायात उतरणारं दुखणं असलेले २८३ लोक. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबवून औषध-व्यायाम. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर थांबला, पण वर्षाअखेरीला दोन्हीकडे साधारण ९५ टक्के लोकांनी बरं वाटतंय सांगितलं. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र त्या वर्षात शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. मी यातून असा अर्थ घेतो की ताकद जात नसेल आणि दुखणं सोसण्यासारखं असेल तर थांबायला पूर्ण वाव आहे, आणि थांबून नाहीच जमलं तर ऑपरेशन हा तितकाच सरळ रस्ता आहे. ऑपरेशन झालेले लोकही गड चढतात. मला फक्त घाबरून केलेलं ऑपरेशन आणि घाबरून टाळलेलं ऑपरेशन, दोन्ही नको वाटतात.

मग ठरवायचं कशावर? मी फिल्मपेक्षा दोन गोष्टींवर जास्त भरवसा ठेवतो, आणि दोन्ही तुम्ही घरी बघू शकता.

पहिली, ताकद. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ, आणि टाच उचलून चवड्यावर या, खाली, परत वर. आधी डावा पाय, मग उजवा. एस वन नस पोटरीला ताकद देते, त्यामुळे ती किती दबलीय ते इथे कळतं. चांगल्या पायावर वीस-पंचवीस व्हायला हरकत नाही. उजव्यावर समजा बाराच झाल्या, तर बारा लिहून ठेवा, घाबरू नका, आठवड्यातून एकदाच करा, एकाच वेळी, एकाच ठिकाणी. आकडा वाढतोय किंवा तिथेच आहे तर आपण व्यायामाने पुढे जाऊ शकतो. आकडा प्रत्येक आठवड्याला घसरतोय, मग दुखणं कमी झालेलं असलं तरी सर्जनना भेटायचं. ही गोष्ट खूप जण चुकवतात, दुखायचं थांबलं म्हणून खूश होतात आणि पोटरी मात्र बारीक होत जाते.

दुसरी, दुखणं कुठे सरकतं. कुठलीही हालचाल केल्यावर दुखणं पोटरीतून वर मांडीत, मांडीतून ढुंगणात, तिथून कंबरेत गोळा होत असेल तर ती हालचाल तुम्हाला मानवते, मग त्या वेळी कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. आणि दुखणं खाली उतरत असेल, आधी मांडीपर्यंत होतं ते आता तळपायात गेलं, तर ती हालचाल सध्या बंद किंवा निम्मी. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओंनी ही पद्धत जगभर नेली, आणि माझ्या रोजच्या कामात तिच्याइतकी उपयोगाची गोष्ट दुसरी नाही. बऱ्याच लोकांना पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं मानवतं. सगळ्यांना नाही. दोन दिवस करून बघा, दुखणं कुठल्या दिशेला सरकतंय त्यावर ठरवा.

याला तिसरी एक जोड, दुसऱ्या दिवशीची सकाळ. चालताना कंबर दहापैकी तीन-चार दुखली तर चालतं, पण दुसऱ्या सकाळी ती नेहमीच्या पातळीवर परत यायला पाहिजे. नाही आली तर काल जास्त झालं, एवढाच अर्थ. काही फाटलं नाही, काही नवीन सरकलं नाही, पुढच्या वेळी थोडं कमी. म्हणूनच फिरायला जायच्या आधी दुखण्याची गोळी घेऊन निघू नका, तिने हा सगळा हिशोब झाकला जातो. आणि आपल्याकडच्या उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना पेनकिलर खाऊन ऊन तुडवणं किडनीलाही जड जातं.

आता आराम. पहिले एक-दोन दिवस असह्य होतं तेव्हा पडून राहिलात, ठीक. सात आठवडे आराम हा इलाज नाही. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, आसपासच्या हाडातून पाझरून तिला खाणंपिणं मिळतं आणि त्याला हालचाल मदत करते. तुमच्या सर्जननी आराम म्हटलं त्याचा अर्थ त्यांनाच नीट विचारा, बहुतेक वेळा त्यांना वजन आणि झटके टाळा एवढंच म्हणायचं असतं आणि घरी येईपर्यंत त्याचं पलंगावरून उतरू नका होतं. आईंनाही सोबत घेऊन जा, त्यांनी सॅक माळ्यावर टाकली ती काळजीपोटीच, डॉक्टरच्या तोंडून चालायला सांगितलेलं त्यांनी ऐकलं की घरातलं निम्मं टेन्शन कमी होईल.

सुरुवात चालण्याने करा, आणि ती बाहेरच करा. ट्रेडमिल नको असं नाही, पण तुम्हाला उघड्यावर राहायची सवय आहे, ते अचानक तुटलं की माणूस आतून खचतो आणि खचलेल्या माणसाला दुखतंही जास्त. दिवसातून तीनदा दहा दहा मिनिटं सपाट रस्त्यावर. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने, कंबर तलावाकडे, जिथे जवळ पडेल तिथे. मधे थांबायला लागलं तर थांबा. पाच-सहा दिवस सकाळचा पाय बरा राहिला की प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटं वाढवा. अर्धा तास सलग जमायला लागला की तो आठवड्यातून पाच दिवस पक्का करा. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांचा. ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर परत धरेपर्यंत २०८ दिवस गेले, बाकीच्यांत निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. तो साध्या कंबरदुखीवरचा होता, दबलेल्या नसेवरचा नव्हे, म्हणून तसाच्या तसा तुम्हाला लावत नाही, पण चालण्यासारखा फुकटचा आणि कमी धोक्याचा इलाज मला दुसरा माहीत नाही.

सोलापूरच्या उन्हामुळे तुम्ही पहाटेच निघणार, ते बरोबरच आहे, फक्त एक सांभाळा. रात्रभर आडवं झोपून गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच, आणि तेव्हा पूर्ण वाकलं की गादीवर ताण जास्त येतो. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकून बूट बांधणं, बादली उचलणं, पायाच्या अंगठ्याला हात लावणं टाळा. चालायला काहीच अडचण नाही. बूट खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर घेऊन घाला.

बसणं हा तुमचा खरा शत्रू असावा असा मला संशय आहे, कारण तुम्ही लिहिलंय की ऑफिसात दुपारनंतर पाय जास्त ओढतो आणि चालल्यावर जरा मोकळा होतो. हे फार चांगलं लक्षण आहे. दर अर्ध्या तासाने उठा, फोन उभ्याने घ्या, खुर्चीत मागे टेकून कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी ठेवा, आपल्या सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. जमिनीवर मांडी घालून जेवणं आणि उकिडवं बसणं काही आठवडे सोडा, कमोड वापरा. टू-व्हीलर शक्यतो कमी, आणि चालवावीच लागली तर स्पीडब्रेकरवर वेग अगदी कमी करून जरा सीटवरून उठा, बसल्या बसल्या बसणारा दणका सरळ कंबरेत जातो. कंबरेचा पट्टा लांबच्या प्रवासाला वापरा, दिवसभर नाही. मशीनचा शेक, ट्रॅक्शन (मशीनने कंबर ताणणं) वगैरे आमच्याकडे मिळतं, त्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि तेवढ्यात चालून घेता येतं, एवढाच त्याचा उपयोग. आणि पायात मुंग्या, कमजोरी असताना कुणाकडूनही कंबर कडकन मोडून घेऊ नका, मग तो माणूस कितीही नावाजलेला असो.

चालणं बसलं की ताकद. पाठीवर झोपून कंबर उचलणं, हात-गुडघ्यांवर येऊन उलटसुलट हात-पाय लांबवणं, कुशीवर कोपर टेकून अंग सरळ उचलून धरणं (साइड प्लँक), ही सुरुवात. पण तिथेच थांबू नका. लोक हे तीन व्यायाम दोन-दोन वर्षं करत राहतात आणि मग सॅक उचलली की परत धरते, कारण सॅकच्या वजनाची तयारी कधी केलेलीच नसते. पाठीला शेवटी वजन उचलायला शिकवावंच लागतं. त्याआधी वाकायला शिका. काठी घ्या, डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली ठेवून ढुंगण मागे नेत खाली या. काठी सुटली म्हणजे तुम्ही कंबरेतून वाकलात, टेकून राहिली म्हणजे खुब्यातून. हे अंगवळणी पडलं की मग पाच किलोची पिशवी जमिनीवरून याच पद्धतीने उचला, नंतर आठ, नंतर दहा, दर आठवड्याला सकाळचा पाय बघून. तोच पाण्याचा जार पुढे कधीतरी याच पद्धतीने न वळता उचलायचा आहे हे मनात असू द्या.

इथे मला आमच्या ज्वारीवाल्यांची आठवण येते. मंगळवेढा, मोहोळ भागातली माणसं, बायका पण, काढणीच्या दिवसांत तासन् तास वाकून मालदांडी ज्वारी उपटतात. जानेवारी-फेब्रुवारीत अशा कंबरा माझ्याकडे येतातच, काहींची गादी तुमच्यापेक्षा वाईट असते. त्यांना वाकू नका म्हणून सांगणं म्हणजे जगू नका सांगण्यासारखं आहे. आम्ही त्यांना पाळ्या करून देतो, वीस मिनिटं काढणी, मग उभ्याने पेंढ्या बांधणं, मग थोडं चालणं, आणि पुढच्या सुगीच्या दोन महिने आधीपासून ताकदीचे व्यायाम. बहुतेक जण परत रानात जातात. नंदीध्वज पेलणारेही गड्ड्याच्या आधी कित्येक आठवडे सराव करतात, एकदम यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी येऊन कुणी पेलत नाही. शरीर भाराला तयार होतं, फक्त त्याला वेळ आणि क्रम द्यावा लागतो, हे मला या माणसांनीच शिकवलंय.

आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, धोक्याची लक्षणं नाहीत हे पक्कं करा, टाचेचा आकडा आणि दुखणं सरकायची दिशा बघा, चालणं वाढवा, बसणं तोडा, मग वाकणं, मग वजन. आता डोंगराकडे येऊ.

आपल्याकडे चढ नाही ही सोलापूरच्या ट्रेकरची जुनी अडचण. पण सुरुवातीला हे सपाट माळरान तुमच्या कामाचंच आहे. अर्धा तास सलग जमायला लागला की नान्नजला जा, दुर्बीण गळ्यात, पाठीवर काही नाही, तास-दोन तास गवतात फिरून या. माळढोक दिसणं आता जवळपास नशिबातच राहिलेलं नाही, पण काळवीट आहेत, धाविक आहे, चंडोल आहेत, आणि उंचसखल मातीवर चालल्याने पावलाचा तोल परत येतो, जो एस वनच्या दुखण्यात बरेचदा बिघडलेला असतो. हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर जा. सोबत ओळखीच्या एखाद्या इमारतीचे जिने, आठवड्यातून तीनदा, आधी दोन मजले. चढण्यापेक्षा उतरण्याकडे जास्त लक्ष द्या, उतरताना मांडी थकली की पाऊल आपटतं आणि तो दणका वर जातो. मग नळदुर्ग, भुईकोट आहे, चढ नावापुरता, दोन-तीन तास हिंडायला उत्तम. मग तुळजापूर किंवा येडशीच्या रामलिंगच्या डोंगरात खऱ्या चढावर, दोन-तीन किलोची सॅक घेऊन.

सह्याद्रीत पहिल्यांदा परत जाल तेव्हा सिंहगड निवडा. वर गाडीरस्ता आहे, त्यामुळे पायवाटेने चढा आणि पहिल्या वेळी उतरताना सरळ गाडीने या. दुसऱ्या सकाळी पाय ठीक राहिला तर पुढच्या वेळी दोन्हीकडून पायी. मग राजगड, मग शिड्यांचं कळसूबाई, मुक्कामाचे ट्रेक त्यानंतर. नळीच्या वाटेसारख्या दगडाधोंड्यांच्या, उड्या मारत जायच्या वाटा आणि भर पावसातल्या निसरड्या वाटा सगळ्यात शेवटी ठेवा, वर्ष गेलं तरी चालेल. याला किती महिने लागतील असं तुम्ही विचाराल. पोटरीची ताकद चांगली असेल आणि पाय सुधारणीला असेल तर तीन-चार महिन्यांत सिंहगड होऊ शकतो, ताकद गेलेली असेल तर सहा-आठ महिने धरा. यापेक्षा नेमकं न तपासता सांगणं बरोबर नाही.

ट्रेकमध्ये कंबर नेमकी कुठे बिघडते याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण लोकांचं लक्ष फक्त चढावर असतं. सोलापूरहून आपण रात्री निघतो, सीटवर मान टाकून, कंबर वाकवून सहा-सात तास बसतो, पहाटे उतरतो, जीपमध्ये कोंबून घेतो, पायथ्याला उतरल्या उतरल्या सॅक एका हाताने झटका देऊन वळत खांद्यावर टाकतो. माझ्याकडे ट्रेकहून कंबर धरून आलेल्यांपैकी बरेच जण गडावर नाही, या सगळ्यात अडकलेले असतात. म्हणून स्लीपर घ्या, रेल्वे असो की बस. पोचल्यावर वीस मिनिटं मोकळं चाला, चहा उभ्याने प्या, मग सॅक. सॅक आधी दगडावर नाहीतर मांडीवर ठेवा आणि मग पट्ट्यात हात घाला. कंबरेचा बेल्ट खुब्याच्या हाडावर घट्ट, म्हणजे वजन खांद्यावरून खाली उतरतं. पहिलं वर्षभर सॅक वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे तुमचं ७० किलो असेल तर सात किलो, पाण्यासकट. तंबू, भांडी, सामायिक शिधा ग्रुपला वाटून द्या, यात लाजायचं काही नाही. दोन काठ्या घ्याच. टाक्यातून पाणी काढताना ओणवं होऊन हात लांबवू नका, एक गुडघा टेकवा. आणि शेवटच्या तासाभरात, सगळे उतरायच्या घाईत असताना, तुम्ही मुद्दाम हळू चाला, थकलेल्या अंगाचीच कंबर जास्त दगा देते.

सायकलचं प्रत्येकाचं वेगळं असतं. काहींना पुढे झुकलेलं मानवतं, काहींचा पाय पाच मिनिटांत ओढायला लागतो. हँडल थोडं वर घ्या, पंधरा मिनिटं सपाट रस्त्यावर चालवून बघा, दुखणं कुठे सरकतं त्यावर निर्णय.

शेवटी एक, जे तुम्ही सरळ विचारलं नाहीत पण लिहिण्यातून दिसतंय. ग्रुपचे फोटो बघवत नाहीत म्हणून तुम्ही ग्रुप म्यूट केलाय. तो परत उघडा. पुढच्या ट्रेकची वाट आखणं, गाडी-मुक्काम ठरवणं, नवीन मुलांना तयार करणं, यातलं काहीतरी स्वतःकडे घ्या. लोकांपासून तुटून घरात बसलेल्या माणसाला बरं व्हायला जास्त वेळ लागतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की औषधाइतकंच ते महत्त्वाचं मानतो. कधीमधी परत धरेलही, बऱ्याच जणांची धरते, दोन-चार दिवस ओढ येईल. तेव्हा सगळं संपलं असं समजू नका, दोन पायऱ्या खाली उतरा, चालण्यावर या, आणि परत वर चढायला लागा.

आता लगेच करायचं एवढंच. उद्या सकाळी नाही, दुपारनंतर, दोन्ही पायांच्या टाचा उचलून मोजा. सर्जनकडून चालायची परवानगी नक्की करून घ्या. दोन आठवडे चालणं करा आणि रोज सकाळी दुखणं कुठपर्यंत आहे ते एका ओळीत लिहून ठेवा. मग दोन्ही आकडे आणि ती वही इथे टाका, शुगर आणि तंबाखूचं पण सांगा, जिने कधी सुरू करायचे ते तेव्हा बघून सांगतो.